अनभिहत मन : बालकाचे सत्त्वबल आणि घराचे वातावरण

बालरुग्ण समोर आला की आपली दृष्टी प्रथम त्याच्या देहाकडे जाते. वजन, अग्नी, मलप्रवृत्ती, निद्रा, जिव्हा, त्वचा हे सारे आपण क्रमाने पाहतो आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या घरातून ते बालक आपल्यापर्यंत आले, त्या घराची परीक्षा आपण किती वेळा करतो? हा प्रश्न आधुनिक मानसशास्त्राने नव्याने उपस्थित केला असला, तरी आपल्या संहिताकारांना तो अपरिचित नव्हता.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातील दहाव्या अध्यायात बालसंगोपनाचे काही साधे नियम आले आहेत. बालकाला उचलावे ते त्याच्या अंगाला सुख होईल अशा रीतीने. त्याला दरडावू नये. झोपेतून एकाएकी जागे करू नये, कारण ते दचकते. एकाएकी ओढून घेऊ नये किंवा वर उडवू नये, कारण वातादी दोषांचा क्षोभ होतो. योग्य काळापूर्वी बसते करू नये, कारण पाठीला बाक येतो. नाना प्रकारच्या प्रिय गोष्टींनी त्याच्या कलाने घ्यावे. एवढे सांगून आचार्य त्याचे फलही सांगतात. अशा रीतीने ज्याच्या मनावर आघात झालेला नाही, ते बालक उत्तम सत्त्वाने युक्त, नीरोग आणि प्रसन्न मनाचे होऊन वाढते. यासाठी सुश्रुतांनी योजलेला शब्द आहे ‘अनभिहतमन’. त्यातही क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. मन अनभिहत राहिले की सत्त्व वाढते, आणि नीरोगता त्याच्या सोबतीने येते.

आधुनिक मानसशास्त्र ज्याला ‘रेझिलियन्स’ म्हणते, म्हणजे प्रतिकूल प्रसंग सोसून मनाने पुन्हा उभे राहण्याची शक्ती, तिला आपल्या परिभाषेत सत्त्वबल म्हणता येईल. हे बल लहान वयात कोठून येते आणि ते वाढावे यासाठी वैद्याने काय करावे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

एक रुग्णानुभव

काही वर्षांपूर्वी साडेपाच वर्षांच्या एका मुलाला त्याची आई माझ्याकडे घेऊन आली. नाभीभोवती वारंवार दुखणे, अन्नावर वासना नसणे आणि वर्षभर थांबलेले शय्यामूत्र पुन्हा सुरू होणे, अशी लक्षणे होती. मूत्रतपासणी, रक्तशर्करा आणि इतर आवश्यक तपासण्यांत काही आढळले नाही. कृमी आणि अग्निमांद्य यांचा विचार करून मी विडंगाचे कल्प व हिंग्वाष्टक चूर्ण दिले, पथ्य सांगितले. आठ-दहा दिवस उतार पडे आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. असे जवळजवळ तीन महिने चालले. प्रत्येक वेळी मी कल्प बदलला, मात्रा बदलली. बालकाला पाहण्याची माझी पद्धत मात्र बदलली नाही. तपासणीच्या टेबलावर घेतले की तो मुलगा थरथर कापत असे. लहान मुले वैद्याला भितातच, असे समजून मी तिकडे दुर्लक्ष केले.

एके दिवशी आईबरोबर गावाहून आलेली आजी आली. मुलाला बाहेर बसवून ती म्हणाली, “वैद्यबुवा, रागावू नका, पण तुमच्या औषधानं याला गुण यायचा नाही. रात्री घरात आवाज चढले की पोर रडायला लागतं. मग त्याला गप्प करायला ही तुमचंच नाव घेते. ‘गप्प बस, नाहीतर वैद्यांकडे नेऊन सुई टोचायला लावीन,’ म्हणते.” आई मान खाली घालून बसली होती. हळूहळू सारी हकिकत कळली. वडिलांचा कारखाना बंद पडला होता. कर्जाचे हप्ते थकले होते. रात्री जेवणाच्या वेळीच हिशेब निघत, शब्दाला शब्द लागे, आणि ताटावर बसलेला मुलगा जेवण टाकून कोपऱ्यात जाई. पोटदुखी जेवणाशी आणि शय्यामूत्र रात्रीशी का जोडलेले होते, ते मला तेव्हा उमगले.

ज्याच्या औषधाने गुण यावा अशी अपेक्षा, त्याच्याच नावाने बालकाला भय घातले जात होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता. भूक, मल, मूत्र, निद्रा यांविषयी मी सविस्तर विचारले होते. घरी जेवायला कोण कोण एकत्र बसते आणि तेव्हा काय बोलले जाते, हे एकदाही विचारले नव्हते.

वित्रासनाचा निषेध

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील जातिसूत्रीय अध्याय या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. त्यात कुमारागाराचे वर्णन येते. बालकाची खोली प्रशस्त, रम्य, अंधार नसलेली, सोसाट्याचा वारा न लागणारी पण एका बाजूने हवा खेळणारी, भक्कम, श्वापदे, उंदीर व कीटक यांपासून मुक्त आणि प्रत्येक ऋतूत सुखकर असावी. पाणी, स्नान, मलमूत्र, स्वयंपाक यांच्या जागा नीट विभागलेल्या असाव्यात. खेळणी रंगीबेरंगी, आवाज करणारी, मनोहर व हलकी असावीत. ती टोकदार नसावीत, तोंडात जाण्याजोगी नसावीत, प्राणाला अपाय करणारी नसावीत आणि बालकाला घाबरवणारी नसावीत. खेळण्याच्या सुरक्षिततेचा विचार करताना आचार्यांनी घशात अडकण्याचा धोका आणि भयाचा धोका एकाच यादीत मोजले, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही.

त्यापुढे चरकाचार्य स्पष्टच बजावतात की, बालक रडत असेल, जेवत नसेल किंवा सांगितलेले ऐकत नसेल, तरी राक्षस, पिशाच, पूतना इत्यादींची नावे घेऊन त्याला भिववू नये. आज घरोघरी पूतनेची जागा बागुलबुवाने, पोलिसाने आणि ‘डॉक्टरच्या सुई’ने घेतली आहे. नावे बदलली तरी वित्रासन तेच राहिले आहे. किंबहुना आजचे भय अधिक हानिकारक म्हणावे लागेल. राक्षस बालकाला प्रत्यक्ष कधी भेटत नाही. वैद्य मात्र भेटतो, आणि संकटकाळी पोलिसाकडेच धाव घ्यावी लागते. ज्यांच्यापाशी आश्रय मिळावा त्यांचीच भीती मनात रुजवली, तर आपत्तीच्या वेळी त्या बालकाने कोणाकडे पाहावे?

मनाच्या दृष्टीने बालक क्षीरपच

विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात चरकाचार्यांनी सत्त्वाचे प्रवर, मध्य आणि अवर असे तीन भेद सांगितले आहेत. प्रवरसत्त्व मनुष्य मोठी पीडाही अविचलपणे सोसतो. अवरसत्त्व मनुष्य धिप्पाड देहाचा असूनही अल्प वेदनेने खचतो. तो स्वतः स्वतःला सावरू शकत नाही आणि इतरांच्या आधारानेही सावरत नाही. या दोहोंमधील मध्यसत्त्वाचे वर्णन फार मार्मिक आहे. इतरांकडे पाहून तो स्वतःला सावरतो, किंवा इतर त्याला सावरतात.

हे वर्णन प्रौढ रुग्णाच्या परीक्षेसाठी आहे. तथापि बालकाकडे पाहिले असता असे वाटते की प्रत्येक बालक या मधल्या अवस्थेतूनच आपल्या सत्त्वाचा प्रवास सुरू करते. रांगणारे मूल पडले की रडण्यापूर्वी आधी आईच्या तोंडाकडे पाहते. तिचा चेहरा शांत असेल तर उठून पुढे जाते. ती किंचाळली तर तेही भोकाड पसरते. पडण्याची वेदना तीच असते. ती किती मोठी मानावयाची, हे मात्र ते आईच्या चेहऱ्यावरून ठरवते. सत्त्वबल प्रथम उसने घेतले जाते, आणि पुष्कळदा उसने घेतल्यावर हळूहळू स्वतःचे होते.

येथे बालचिकित्सेतील एक मूलभूत नियम आठवतो. सुश्रुतांनी बालकांचे क्षीरप, क्षीरान्नाद आणि अन्नाद असे भेद केले. केवळ दुधावर असलेल्या बालकाच्या विकारात धात्रीला औषध द्यावे, दूध व अन्न दोन्ही घेणाऱ्याच्या विकारात बालक व धात्री दोघांना द्यावे, आणि अन्नाद झाल्यावर कषायादी औषधे बालकालाच द्यावीत. यामागचे तत्त्व सरळ आहे. बालकाचे पोषण ज्या मार्गाने होते, त्याच मार्गाने औषध गेले पाहिजे.

देहाच्या बाबतीत हे संक्रमण दोन वर्षांत पूर्ण होते. मनाच्या बाबतीत मात्र ते फार सावकाश होते. मानसदोषांसाठी चरकाचार्यांनी ज्ञान, विज्ञान, धैर्य, स्मृती आणि समाधी हे उपाय सांगितले आहेत, आणि अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह करणे म्हणजे सत्त्वावजय अशी व्याख्या केली आहे. चार वर्षांच्या बालकापाशी यांपैकी कोणते साधन स्वतःचे असते? त्याचे धैर्य म्हणजे आईचा हात, त्याची स्मृती म्हणजे रोज रात्री त्याच वेळी मिळणारी कूस, आणि त्याचा निग्रह म्हणजे वडिलांनी स्वतःच्या रागाला घातलेला आवर. मनाच्या दृष्टीने बालक कित्येक वर्षे क्षीरपच असते, असे माझे नम्र मत आहे. म्हणून त्याच्या सत्त्वावजयाचे औषध धात्रीला, म्हणजेच घराला, द्यावे लागते.

आधुनिक संशोधनाची साक्ष

हा केवळ तर्क नाही, हे दाखविणारे पुष्कळ काम गेल्या पाऊणशे वर्षांत झाले आहे. त्यातील काही ठळक गोष्टी वैद्यांना माहीत असाव्यात.

हवाई बेटांपैकी कौआई येथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ बालकांचा एमी वर्नर व रूथ स्मिथ या संशोधकांनी पुढील अनेक दशके पाठपुरावा केला. यांतील सुमारे एक तृतीयांश बालके दारिद्र्य, जन्मकाळचे उपद्रव, आईवडिलांतील कलह, त्यांचे मानसिक आजार किंवा मद्यासक्ती अशा अनेक प्रतिकूल गोष्टी एकत्र असलेल्या घरांतील होती. त्यांपैकी बऱ्याच मुलांना पुढे शिक्षणात किंवा वर्तनात अडचणी आल्या. तरीही जवळजवळ एक तृतीयांश मुले सक्षम, आत्मविश्वास असलेली आणि इतरांची काळजी घेणारी माणसे म्हणून मोठी झाली. त्यांच्यात जे समान आढळले, त्यात किमान एका स्थिरचित्त मोठ्या व्यक्तीशी जडलेला जिव्हाळा महत्त्वाचा होता. ती व्यक्ती आईच असावी असे नव्हते. आजी-आजोबा, मोठी बहीण, शेजारी किंवा शिक्षकही ते काम करत. घरात नेमून दिलेली एखादी जबाबदारी, उदाहरणार्थ लहान भावंडांची काळजी, हीदेखील उपकारक ठरली. विशेष म्हणजे, किशोरवयात अडखळलेल्यांपैकी अनेक जण पुढे तिशी-चाळिशीपर्यंत सावरले. बालपणातील आघात म्हणजे कपाळी कोरलेला लेख नव्हे, हा या अभ्यासाचा मोठा दिलासा आहे.

एडवर्ड ट्रॉनिक यांचा १९७० च्या दशकातील प्रयोग तितकाच बोलका आहे. बाळाशी हसतखेळत असलेल्या आईला काही क्षण चेहरा निर्विकार ठेवण्यास सांगितले गेले. बाळ आधी हसून, हात पसरून तिला परत आणू पाहते. ते साधले नाही की अस्वस्थ होते आणि शेवटी मान फिरवते. आई पुन्हा पूर्ववत झाली की तुटलेला धागा सांधला जातो. ट्रॉनिक यांच्या कामातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. चांगल्या आई-बाळाच्या जोडीतही बराच काळ परस्परांचा ताळमेळ नसतो. बालकाला बळ मिळते ते तुटलेला ताळमेळ पुन्हा जुळण्याच्या अनुभवातून. कधीही न रागावणारे आईवडील असावेत, असा याचा अर्थ होत नाही. रागावल्यानंतर जवळ घेणारे असावेत, इतकाच होतो.

स्पर्शाविषयीचे संशोधन आपल्याला विशेष जवळचे वाटेल. मायकेल मीनी यांच्या कॅनडातील प्रयोगशाळेत असे दिसले की, ज्या उंदीर-माता पिलांना अधिक चाटतात व गोंजारतात, त्यांची पिले मोठेपणी तणावाला कमी विचलित होतात. पिलांची अदलाबदल करून वाढवले तेव्हाही वाढविणाऱ्या मातेचा परिणाम दिसला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधात मेंदूतील तणावनियंत्रणाशी संबंधित जनुकाच्या कार्यावर या संगोपनाचा रासायनिक ठसा उमटतो, असे दाखविले गेले. उंदरांवरील निष्कर्ष मनुष्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत, हे खरे. परंतु टिफनी फील्ड आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली अकाली जन्मलेल्या अर्भकांना नियमित मर्दन केले, तेव्हा त्यांची रोजची वजनवाढ इतर अर्भकांपेक्षा ४७ टक्क्यांनी अधिक आढळली. आपल्या भाषेत ‘स्नेह’ शब्दाचे तैल आणि प्रेम असे दोन्ही अर्थ आहेत. स्तन्याच्या प्रवर्तनाला अपत्याविषयीचा निरंतर स्नेह कारण होतो, आणि क्रोध, शोक व अवात्सल्य यांनी स्तन्याचा नाश होतो, असे सुश्रुतांनी म्हटले आहे. अभ्यंग करताना हे दोन्ही स्नेह एकाच हाताने दिले जातात.

याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. रोमानियातील अनाथालयांत अन्न, वस्त्र व निवारा मिळूनही स्वतःचे असे माणूस न मिळालेल्या १३६ बालकांचा अभ्यास बुखारेस्ट येथे या शतकाच्या आरंभी सुरू झाला. त्यांतील काहींना प्रतिपालक कुटुंबांत ठेवण्यात आले. कुटुंबात गेलेल्या बालकांची बौद्धिक व भावनिक प्रगती एकंदरीत सरस आढळली, आणि जी दोन वर्षांच्या वयापूर्वी गेली त्यांना काही बाबतींत अधिक लाभ झाला. अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या फेलिटी व आंडा यांच्या अभ्यासात बालपणी मारहाण आणि घरातील हिंसा अशा आघातांची संख्या जितकी अधिक, तितके प्रौढपणी हृद्रोग, नैराश्य व व्यसनाधीनता यांचे प्रमाण अधिक दिसले. अभिहत मन पुढे देहातही बोलते, ही गोष्ट आपल्या शास्त्राला नवी नाही.

प्रकृतीभेदाचे भान

सर्व दोष घरावर टाकणेही शास्त्राला धरून होणार नाही. एकाच घरात, त्याच आईवडिलांच्या हाताखाली वाढलेली दोन भावंडे अगदी निराळी निपजतात. सत्त्वातील भेदांची कारणे सांगताना चरकाचार्यांनी आईवडिलांचे सत्त्व, गर्भिणीच्या कानांवर वारंवार पडणाऱ्या गोष्टी, जीवाचे स्वतःचे कर्म आणि सत्त्वविशेषाचा अभ्यास अशी अनेक कारणे मांडली आहेत. वातप्रकृतीच्या व्यक्तीत भय, आसक्ती आणि विरक्ती लवकर उत्पन्न होतात, असेही त्यांनी म्हटले आहे.

न्यूयॉर्कमध्ये १९५६ पासून अलेक्झांडर थॉमस व स्टेला चेस यांनी बालकांच्या उपजत स्वभावाचा दीर्घकाळ अभ्यास केला. बालकाचा स्वभाव आणि घराची अपेक्षा यांचा मेळ बसतो की नाही, यावर पुढील आरोग्य पुष्कळसे अवलंबून असते, असा त्यांचा निष्कर्ष होता. आपल्या चिकित्सेत हे असे उतरते. वातप्रकृतीच्या बालकाला नियमित दिनक्रम, उष्ण स्निग्ध आहार, अभ्यंग आणि बदलाची पूर्वसूचना लागते. पित्तप्रकृतीच्या बालकाला भूक लागल्यावर ताटकळत ठेवू नये, आणि त्याच्या रागाला रागाने उत्तर देऊ नये. कफप्रकृतीच्या बालकाला घाई न करता प्रवृत्त करावे. त्याच्या शांतपणाला मंदपणा म्हणू नये. “मोठा कसा धीट आहे, तू मात्र भित्रा,” हे वाक्य पुष्कळ घरांत सहज बोलले जाते. प्रकृती समजावून सांगितली तर पालक ते बोलण्यापूर्वी थबकतात, असा माझा अनुभव आहे.

चिकित्सालयात काय करावे

बालरुग्णाच्या नोंदपत्रात चार प्रश्नांची भर घालावी, अशी माझी सूचना आहे. पहिला, बालक घाबरले की घरात कोणाकडे धाव घेते? दुसरा, रात्रीचे जेवण आणि झोप यांची वेळ व पद्धत काय, आणि त्या वेळी घरात काय चालू असते? तिसरा, बालक ऐकेनासे झाले तर काय केले किंवा म्हटले जाते? चौथा, गेल्या सहा महिन्यांत घरात काय बदलले, म्हणजे स्थलांतर, नोकरी जाणे, मृत्यू, आजारपण, नवे भावंड, शाळाबदल असे काही घडले का? हे प्रश्न आईला एकटीला न विचारता शक्य तर वडिलांनाही विचारावेत. विचारण्याचा सूर चौकशीचा असावा, आरोपाचा नसावा. प्रसूतीनंतर खचलेली किंवा सतत उदास असणारी आई स्वतःच रुग्ण आहे, हे ओळखून तिची चिकित्सा आधी करावी. तिच्यावर दोष ठेवल्याने तिचे सत्त्व आणखी खालावते, आणि ते उसने घेणाऱ्या बालकाचेही.

घराला द्यावयाची पथ्ये थोडी आणि पाळता येण्याजोगी असावीत. दिवसातून एक जेवण तरी सर्वांनी एकत्र, दूरदर्शन व मोबाइल बंद ठेवून घ्यावे, आणि त्या वेळी पैशांचा हिशेब व शाळेचे गुण हे दोन विषय वर्ज्य मानावेत. निजण्यापूर्वी पादाभ्यंग करावा, आणि तो शक्य असल्यास वडिलांनी करावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली एका वर्षाखालील बालकांना पडद्यापासून दूर ठेवावे आणि दोन ते चार वर्षांच्या बालकांसाठी दिवसाला एक तासाहून अधिक वेळ पडद्यासमोर जाऊ देऊ नये, असे सुचविले आहे, तेही सांगावे. वित्रासन संपूर्ण वर्ज्य करावे. मोठ्यांचे भांडण बालकासमोर झालेच, तर समेटही त्याच्यासमोर व्हावा. बालकाला वयानुरूप एखादे काम नेमून द्यावे. पाने मांडणे, तुळशीला पाणी घालणे एवढेही पुरते. आपल्यावाचून घराचे काही अडते, ही जाणीव सत्त्वाला पोसते.

एकत्र कुटुंब मोडले म्हणून मुले दुबळी झाली, असे विधान आपल्या सभा-संमेलनांतून वारंवार ऐकू येते. ते अर्धसत्य आहे. एकत्र कुटुंबातही धाक, तुलना आणि अबोला असू शकतो, आणि दोन खोल्यांच्या घरात एकट्या आईने वाढवलेले मूलही धीराचे निपजते. बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीसाठी दरवर्षी अनेक महिने स्थलांतर होते. त्या काळात कित्येक बालके आजी-आजोबांजवळ गावी राहतात. तेथे ‘धात्री’ आजी असते. घर किती माणसांचे आहे, यापेक्षा त्यात बालकाला हमखास आसरा देणारे एक माणूस आहे की नाही, हे वैद्याने पाहावे. असल्यास त्या व्यक्तीलाच चिकित्सेत सहभागी करून घ्यावे.

औषधांचे स्थान यामुळे कमी होत नाही. ब्राह्मीघृतासारखे मेध्य कल्प, अग्नीचा विचार आणि कोष्ठशुद्धी यथायोग्य करावी. मात्र अभिघात रोज चालू असताना केवळ घृत देणे म्हणजे निदानपरिवर्जन न करता शमन देण्यासारखे आहे.

मर्यादा आणि सावधगिरी

शारीर कारण वगळल्याखेरीज कोणतेही लक्षण मनावर ढकलू नये. पुन्हा सुरू झालेल्या शय्यामूत्रात मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेह आणि मलावष्टंभ पाहिलेच पाहिजेत. वजन घटणे, ज्वर, रक्तयुक्त मल, वारंवार छर्दी किंवा झोपेतून उठवणारी वेदना असल्यास बालरोगतज्ज्ञांचे मत घ्यावे. आलेली भाषा किंवा कौशल्ये गमावणे, स्वतःला इजा करणे, अनेक आठवडे न बोलणे किंवा न खेळणे ही लक्षणे दिसल्यास बालमानसतज्ज्ञांकडे पाठविण्यास विलंब लावू नये. लैंगिक अत्याचाराची शंका आल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळविणे आपल्यावर बंधनकारक आहे. संकटातील बालकांसाठी १०९८ हा मदत क्रमांक चिकित्सालयात ठळकपणे लावलेला असावा. अशा घरात पथ्ये सांगत बसणे म्हणजे बालकाला पुन्हा त्याच आघाताच्या हवाली करणे होय.

आरंभी सांगितलेल्या मुलाविषयी थोडेसे सांगून हा लेख पुरा करतो. आजीला महिनाभर थांबण्याची विनंती केली. वडिलांना बोलावून घेतले. ते प्रथम संकोचले, मग म्हणाले, “कामाचं काही माझ्या हातात नाही, पण हे करता येईल.” जेवणाच्या वेळी हिशेब काढणे बंद झाले. रोज रात्री ते मुलाच्या पायांना तेल चोळू लागले. आईने सुईचा धाक सोडला, आणि मीही एक पथ्य स्वीकारले. पुढील तीन भेटींत मी त्याला तपासणीच्या टेबलावर घेतले नाही. आजीच्या मांडीवरच पाहिले आणि त्याच्या हाती श्रवणनलिका दिली. सोबत ब्राह्मीघृत अल्प मात्रेत चालू होते. दीड-दोन महिन्यांत पोटदुखी थांबली आणि शय्यामूत्र क्वचित उरले. एका रुग्णावरून सिद्धांत बांधता येत नाही, आणि गुण कशाने किती आला हेही वेगळे काढून दाखविता येणार नाही. परंतु वडिलांना नोकरी मिळाली ती त्यानंतर कितीतरी महिन्यांनी. घरावरचे संकट तसेच होते. ते बालकापर्यंत पोहोचण्याची वाट तेवढी बदलली होती.

बालकाच्या आयुष्यातून सारी दुःखे दूर करणे वैद्याच्या हाती नाही, आणि आईवडिलांच्याही नाही. दुःख आले तर धरायला एक हात असेल, एवढी तजवीज मात्र करता येते. चौथ्या भेटीला तो मुलगा आजीचा हात सोडून आपणहून टेबलावर चढला आणि श्रवणनलिकेसाठी हात पुढे केला. त्या दिवसापासून माझ्या नोंदपत्रात ‘घाबरल्यावर कोणाकडे धावते’ हा प्रश्न भूक आणि मलप्रवृत्ती यांच्याही आधी छापलेला आहे.